सुकतीला काय करतान?

माझ्या आईचं माहेर घारापुरी. बाहेरचे लोक एलिफंटा म्हणतात, लेणी बघायला येतात, भाजलेलं कणीस खातात आणि संध्याकाळच्या लाँचनं परत जातात. आमच्यासाठी ते मामाचं गाव. बेटावर वाड्या तीन, राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर. तिन्ही नावांत बंदर आहे बघा, आणि तरी माझ्या लहानपणी आईचं माहेरी जाणं म्हणजे शेवटच्या दोन हातांची धास्ती. होडीचा काठ आणि धक्क्याची पायरी यांच्यामधले ते दोन हात, खाली हलणारं काळं पाणी, वर कुणीतरी ओरडतंय "दे हात, दे हात", आणि आईच्या काखेत माझी धाकटी बहीण.

आम्ही तेव्हा उरणला, मोऱ्याजवळ राहायचो (हे मोरा वेगळं, बेटावरचं मोराबंदर वेगळं). १९८६ सालची गोष्ट, मी दहावीला होतो. आजी मुलीकडं चार दिवस राहायला येत होती. पाणी उतरत होतं, होडी खाली गेलेली, धक्का तिच्या डोक्याच्या वर. आजीनं चढायला एक हात धक्क्याच्या कडेवर ठेवला आणि त्याच वेळी मागून एका लाँचची लाट आली. होडी उचलली गेली आणि काठ धक्क्यावर आपटला. आजीची दोन बोटं मधे सापडली. बोटं राहिली, पण पुन्हा कधी वळली नाहीत, भाकरी थापताना ती दोन बोटं ताठ उभी असायची आणि आम्ही नातवंडं त्याकडं बघायचं टाळायचो.

त्या दिवसापासून आईनं होडीतून उतरताना धक्क्याला कधी हात लावला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून घेते, आणि कुणीतरी दंडाला धरून वर ओढलं तरच चढते. आज ती ८२ वर्षांची आहे, अजून तशीच.

पुढं डिप्लोमा करून मी ज्या कामात पडलो ते योगायोगानं धक्क्याचंच निघालं. पाईल म्हणजे तळात रोवायचे खांब मारणं, पाईल कॅप म्हणजे त्यांच्या डोक्यावरचा काँक्रीटचा ठोकळा, बीम, फेंडर म्हणजे बोटीचा मार झेलणारी धक्क्याची गादी बसवणं, पोंटून म्हणजे तरंगता धक्का, गँगवे म्हणजे बोटीपर्यंत जायचा पूल. ठाण्याच्या खाडीत, पनवेलच्या खाडीत, खाली कोकणात. तीसेक वर्षं साईटवर काढली. लोकांना वाटतं जेटी म्हणजे काय, पाण्यात खांब रोवले आणि वर स्लॅब टाकला. पण आमच्या कामात घड्याळ ऑफिसचं नसतं, चंद्राचं असतं. पाईल कॅपचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावायचं तर पूर्ण ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीन तास मिळतात, तेवढ्यात पोरं चिखलात उतरणार, प्लेटा आवळणार, काँक्रीट पडणार, आणि पाणी परत चढायच्या आत सगळ्यांनी वर यायचं. आज दुपारी १ ला काम मिळालं तर उद्या दोनला दहा मिनिटं कमी असताना, परवा अजून पुढं, रोज पन्नासेक मिनिटं सरकत जाणार, म्हणजे पंधरवड्यात एकदा तरी पहाटे तीनला हॅलोजन लावून काम. जेवायची वेळही पाण्यावर. माझी बायको लग्नानंतर पहिलं वर्षभर विचारायची की आज डबा कितीचा, मग तीच कालनिर्णय बघून सांगायला लागली.

आमच्याकडं तिथीवरून भरतीचा हिशोब करायची जुनी रीत आहे, कोळी-आगरी घरांत शाळेत न गेलेल्या बायकांनाही तोंडपाठ. तिथीची पाऊणपट करायची, येईल तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरलेलं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. थोडं मागंपुढं होतं, पण होडी सोडायला पुरतं. पुनवेला-अवसेला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात जास्त चढतं-उतरतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी. उधाणाला आपल्या मुंबईच्या बंदरात पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं, कधी त्याहून जास्त. साडेचार मीटर म्हणजे घराचा दीड मजला. सकाळी दारातून सरळ रस्त्यावर पाय टाकला आणि दुपारी बघावं तर रस्ता दीड मजला खाली गेलेला, आमच्या धक्क्यांवर हे दिवसातून दोनदा होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

२०१९ च्या उन्हाळ्यात लेकीकडं गेलो होतो, कॅनडात, व्हँकुव्हर आयलंडवर. नावात आयलंड असलं तरी ते बेट एवढं मोठं की बेटावर आहोत हे विसरायला होतं. त्याच्या पूर्व किनाऱ्याला लागून एक अरुंद समुद्राची पट्टी आहे, बेन्स साउंड, आणि पलीकडं डेनमन नावाचं छोटं बेट, वस्ती हजार-दीड हजाराची. त्याच्याही पलीकडं अजून एक छोटं बेट, हॉर्नबी. तिथल्या लोकांना डेनमन ओलांडून दुसरी फेरी पकडूनच बाहेर यायला लागतं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक गंमत दाखवते, तुमच्या लाइनीतली आहे," आणि बकली बे नावाच्या ठिकाणी घेऊन गेली.

तिथून डेनमनला जाणारी फेरी केबलवर चालते. मी आधी ऐकून होतो, नदीवर दोर बांधून तराफा ओढतात तसं काहीतरी असेल असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ७८ मीटरहून लांब बोट, पन्नासेक गाड्या मावतील एवढी, आणि तिला प्रोपेलर नाही. समुद्राच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तीन पोलादी केबल टाकल्यात, जवळपास दोन किलोमीटर लांब. मधली केबल बोटीवरच्या मोठ्या चाकाभोवती फिरते आणि बोट तिला धरून धरून पुढं सरकते, बाजूच्या दोन केबल तिला रेषेत ठेवतात. बोट पुढं गेली की केबल परत तळाशी जाऊन पडते, म्हणून वरून दुसऱ्या बोटी जाऊ शकतात. बेन्स साउंड कनेक्टर तिचं नाव, फेब्रुवारी २०१६ पासून चालू, आणि केबलवर चालणारी जगातली सगळ्यात लांब फेरी म्हणून तिची ओळख. दहा-बारा मिनिटांत पलीकडं. लेकीनं सांगितलं की बेटावरच्या पुष्कळ लोकांचा याला विरोध होता, आधीची साधी बोट बरी होती, वादळात केबलचं काय, खलाशांच्या नोकऱ्यांचं काय. मला तो विरोध लगेच समजला. बेटावरच्या माणसाला बाहेरच्यांनी येऊन "तुमच्यासाठी हे चांगलं आहे" म्हटलं की पोटात गोळा येतो, मामाच्या गावात हे मी पाहिलंय.

बोटीवर सगळे डोंगर बघत होते, मी धक्का बघत होतो. सवयच आहे.

साधी बोट येते तेव्हा तांडेल तिला वळवतो, वारा आणि करंट बघतो, थोडी इकडं थोडी तिकडं लागते, म्हणून धक्क्याला दोन्ही बाजूंनी मोठे आधार आणि फेंडर लागतात, आणि लागल्यावर बोट इंजिनानं धक्क्याला दाबून धरावी लागते नाहीतर मागं सरकते. केबलवरची बोट दर खेपेला त्याच रेषेत येणार. म्हणजे धक्काही त्याच रेषेत हवा, हातभर चुकलं तरी चालणार नाही. केबलचा ताण कुठंतरी जमिनीला द्यावा लागतो, त्यासाठी काठावर भक्कम अँकर, खाली खोलपर्यंत काँक्रीट. वाऱ्यानं बोट आडवी ढकलली की तो सगळा जोर केबलमधून त्या अँकरवर येतो. शिवाय केबल झिजते, ठराविक काळानं बदलावी लागते, म्हणजे ती ओढायला, उतरवायला काठावर जागा हवी. आणि बोटीची उंची, रुंदी, पुढचा उतरता दरवाजा हे सगळं जुन्या बोटीहून वेगळं, त्यामुळं जुन्या रॅम्पवर नवी बोट अशीच आणून लावता येत नाही. नवीन बोट आणायची ठरली की त्याच दिवशी दोन्ही काठांचे दोन धक्के नवे करायचंही ठरतं, ते वेगळं काम नसतंच.

माझ्या पुढून एक आजीबाई चाकांचा वॉकर ढकलत बोटीवर गेल्या. कुणी हात दिला नाही, कुणी ओरडलं नाही. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. मी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ केला, रात्री आईला पाठवला, तिकडं सकाळ होती. भाच्यानं तिला लावून दाखवला. तिनं दोनदा बघितला म्हणे आणि मग फोनवर मला एकच विचारलं, "न सुकतीला काय करतान?"

तिला केबल दिसली नव्हती, गाड्या दिसल्या नव्हत्या. ओहोटीला ते लोक काय करतात, एवढंच तिला हवं होतं. तीस वर्षांत मला कुठल्याच साहेबानं साईटवर इतका नेमका प्रश्न विचारला नाही.

तिथंही पाणी आपल्यासारखंच चार-पाच मीटरपर्यंत खाली-वर होतं. मी आईला सांगितलं की तिथं काठापासून बोटीपर्यंत एक लांब लोखंडी पूल असतो, काठाकडच्या बाजूला बिजागरी, बोटीकडची बाजू पाण्याबरोबर खाली-वर होते किंवा मशीननं केली जाते. पाणी भरलं की पूल सपाट, पाणी गेलं की उतार. ती म्हणाली, "मंग लांब पायजे तो." बरोब्बर. तेच तर आहे सगळं. पाणी साडेचार मीटर खाली जाणार असेल आणि वॉकर किंवा व्हीलचेअर एकट्या माणसाला ढकलता यावी असा उतार हवा असेल, म्हणजे बारा मीटरला एक मीटर, तर गँगवे ५४ मीटर लांब लागतो. आपल्याकडं पंधरा-अठरा मीटरचा टाकला की झाली जेटी. उधाणाच्या ओहोटीला त्याचा उतार चाराला एक होतो, त्यावर शेवाळ, पकडायला गंजलेला पाईप, आणि माशाची पाटी डोक्यावर घेतलेली बाई उतरतेय. मी स्वतः असे गँगवे बसवलेत. ड्रॉइंगमध्ये जे आलं ते बसवलं. एकदा एका साईटवर, नाव नको, मी म्हणालो होतो की साहेब हा आखूड पडेल, तर उत्तर आलं की बजेटमध्ये एवढाच बसतो, आणि उद्घाटनाची तारीख भरतीची बघून घेऊ. आणि खरंच तशीच घेतली. पाहुणे आले, पूल सपाट, फोटो छान आले.

माझी तक्रार इथं आहे. आपल्याकडं बोट आधी येते. बोटीचा फोटो येतो, वेग येतो, किती मिनिटांत पोचणार ते येतं. धक्का मागून, जमेल तसा. फेब्रुवारी २०२२ ला आमच्या बेलापूरच्या जेटीवरून वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा मी आईला घेऊन बघायला गेलो होतो, खूप आनंद झाला होता, वाटलं आता खाडीकडं पाठ फिरवून बसलेलं हे शहर वळून बघेल. पुढं ती सेवा नियमित राहिली नाही. कारणं पुष्कळ असतील, तिकीट, गर्दी, स्टेशनपासून जेटीपर्यंत जायची सोय, मी त्यात पडत नाही. पण रोज वापरणारा माणूस बोटीच्या वेगानं टिकत नाही. भर पावसात, ओहोटीला, हातात पिशव्या असताना चढता-उतरता येतंय का, यावर टिकतो. १९७३ ला वाशीचा पूल झाला आणि खाडी ओलांडायला बोट लागेनाशी झाली, तेव्हापासून दोन पिढ्यांनी पाण्यात पाय टाकलेला नाही, त्यांना परत बोटीवर आणायचं तर पहिलं पाऊल तरी भीती न वाटता पडायला हवं ना.

कोकणात मात्र एक गोष्ट मनासारखी झालेली मी पाहिलीय. २००३ ला दाभोळ-धोपावे गाड्या नेणारी फेरी सुरू झाली, नंतर इतर खाड्यांवरही झाल्या, लोक तिला जंगलजेटी म्हणतात. तिथं काठावर लांबलचक उतरता काँक्रीटचा रॅम्प, पाणी असेल तिथं बोट येऊन तोंड टेकवते, पुढचा दरवाजा खाली पडतो आणि एसटीतून उतरलेली म्हातारी कोरड्या पायानं चढते. पाणी वर असो की खाली, रॅम्पचा कुठला ना कुठला भाग पाण्याच्या रेषेवर असतोच. साधी युक्ती, पण ती काठाकडून विचार करणारी आहे. फक्त रॅम्प रोज घासावा लागतो, पाणी जिथं येऊन जातं त्या पट्ट्यात शेवाळ धरतं आणि गाडीचं चाकही घसरतं. लोखंड खातं तेही तिथंच. कायम पाण्याखाली असलेलं लोखंड बरं टिकतं, कायम वर असलेलंही टिकतं, पण दिवसातून दोनदा भिजून सुकणारा जो पट्टा आहे तिथं बोल्ट बघता बघता पोखरतात, साखळ्या जातात. कुठल्याही जेटीची तब्येत बघायची असेल तर ओहोटीला होडीतून खाली जाऊन तो पट्टा बघायचा.

फेंडरचं पण तसंच. आपल्याकडं ट्रकचे जुने टायर साखळीनं टांगतात, त्यात वाईट काही नाही, टायर चांगलं काम करतो. पण तो जुन्या बोटीच्या उंचीला टांगलेला असतो. नवीन बोट आली, तिचा काठ वेगळ्या उंचीवर, मग ओहोटीला बोटीचा काठ टायरच्या खाली जातो आणि पाणी चढायला लागलं की बीमखाली अडकतो. बोटीचा वेग दुप्पट झाला तर धक्क्यावर बसणारा मार चौपट होतो, हे शाळेतलं गणित आहे. नवीन बोट वेगवान म्हणून मिरवायची आणि टायर तेच ठेवायचे, असं करून कसं चालेल? माझ्या आजीची बोटं सापडली त्या धक्क्याला एकही टायर नव्हता. दगडाची सरळ कड. त्या जागी एक टायर असता तरी काठ आणि दगड यांच्यात वीतभर फट राहिली असती, आणि दोन बोटांना वीतभर पुष्कळ झाली. पहिला फेंडर बसवला तेव्हा मी साईटवर सगळ्यांच्या आधी खाली उतरून त्याच्यामागं हात घालून बघितला होता. अजून घालून बघतो.

लेकीनं विचारलं होतं की आपल्याकडं घारापुरीला अशी केबलची फेरी होईल का. मी त्यावर रात्रभर विचार केला, खरंच, झोप लागली नाही. पण नाही होणार. बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या न्हाव्याकडून बेटाकडं जायचं तर मधे मोठ्या बंदराची वाट आहे, खोल बुडीची कंटेनर जहाजं येतात-जातात, तिथं रोज उचलली जाणारी केबल कोण टाकू देईल. अशी फेरी अरुंद, आडोशाच्या आणि फार रहदारी नसलेल्या पाण्यात शोभते. शिवाय आमच्या खाडीला गाळ इतका की तळाशी पडलेली केबल चार महिन्यांत पुरली जाईल असं माझं मत.

केबल तशी घारापुरीला आली, दुसरी आली. फेब्रुवारी २०१८ ला समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून बेटावर वीज पोचली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर, मग कंदील. मुंबईचे दिवे समोर लखलखताना बेटावर अंधार, आम्ही लहानपणी मामाच्या ओट्यावर बसून ते दिवे मोजायचो. वीज आली त्या रात्री मामानं आईला फोन केला, बोलला काहीच नाही, नुसता पंखा फोनजवळ धरला, त्याचा आवाज ऐकवला. आई इकडं नेरूळच्या फ्लॅटमध्ये, डोक्यावर पंखा फिरत असताना, तो आवाज ऐकत बसली होती.

डेनमनच्या त्या पाण्यात कालवांची मोठी शेती होते, ओहोटीला काठ उघडा पडला की पांढऱ्या शिंपांचे ढीग दिसतात. आईला तोही फोटो पाठवला. बेटावरच्या बायका ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडतात, आईनंही फोडलीत, हाताला कापल्याच्या खुणा आहेत. तिचं म्हणणं, मग तिथल्या बायकांना सुकती आवडत असणार. मला वाटलं, खरंच की. मी सगळा वेळ ओहोटीला शत्रू धरून बोलत होतो, आणि तिच्या घरात चूल ओहोटीवर पेटलेली.

यंदा महाशिवरात्रीला ती म्हणाली, मला घेऊन चल. त्या दिवशी बेटावर गर्दी असते, दर्शनाला लोक येतात. मी म्हटलं लाँचनं नको, धक्काबुक्की होईल. ती म्हणाली, न्हाव्यावरनं होडीनं जाऊ, चतुर्दशी आहे, साडेदहाला पानी भरंल. चौदाची पाऊणपट साडेदहा. मीही मनात तोच हिशोब करत होतो, तिनं आधी केला.

ओळखीची होडी सांगितली. सव्वादहाला न्हाव्याच्या धक्क्यावर पोचलो, पाणी वरच्या पायरीला लागलेलं, होडीचा काठ आणि पायरी एका पातळीत. खलाशानं दोर आवळून धरला. आईनं हात पदरात घेतले आणि घराचा उंबरा ओलांडावा तशी चालत आत गेली. पलीकडं शेतबंदरला उतरतानाही तसंच, फक्त तिथं एक लाट आली आणि काठ पायरीला घासला तेव्हा ती थांबली, लाट जाऊ दिली, मग पाय टाकला. मी तिच्या मागं, माझं लक्ष त्या फटीवर. चार बोटं असेल.

मामा आता नाही. मामीकडं बसलो, पंखा चालू होता. मामीनं भाकरी आणि कालवांचं सुकं केलेलं, पण आई जेवायला बसेना, दर पाच मिनिटांनी दारात जाऊन पाण्याकडं बघायची. बारा वाजायच्या आत चप्पल घालून उभी. "चल, पानी फिरलं." मामीनं घाईघाईत डबा बांधून दिला. होडी सुटून जरा लांब आल्यावर आईनं तो मांडीवर घेऊन उघडला आणि पहिला घास खलाशाला दिला.